कार्बन

खानापूरच्या तहसीलसमोर बाबांची दोन मशिनं होती,
डाव्या हाताला मराठी, उजव्या हाताला कन्नड,
मध्ये खुर्ची, तिचा एक पाय कौलाच्या तुकड्यावर.
संध्याकाळी दिवसभराचे कार्बन निवडायचे.
चलन, उतारा, रहिवासी दाखला: हे उद्याला चालतील.
खरं ज्याच्यावर कुणाची सोडचिठ्ठी उमटली,
कुणाचं सख्ख्या भावाविरुद्धचं गाऱ्हाणं,
तो घडी न घालता घरी आणायचे, बंबात टाकायला.
"उजेडापुढं धरला की बोलतोय बघ कार्बन."

एकदा साध्या कपड्यांतला एक जण येऊन बसला.
दोघांना चहा मागवला.
निवेदन कुणी टाइप करून नेलं, एवढंच विचारलं,
तेही मराठीतून, गोड.
बाबा म्हणाले, मी अक्षरं बघतो, माणसं बघत नाही.
चहाचे पैसे बाबांनाच द्यावे लागले.

आता माझं दुकान स्टेशन रोडला.
नवा कॉम्प्युटर बसवायला बेळगावहून संगमेश आला.
चालू होतो न होतो तोच ते विचारायला लागलं.
प्रदेश कोणता?
(आमच्याकडं हे इतक्या सहज कुणी विचारत नाही.)
भाषा कोणती?
ठिकाण कळवत राहू का?
तुम्ही टाइप करता त्याचे नमुने पाठवू का, सुधारणेसाठी?
खाली दोन बटणं: "हो" आणि "आत्ता नको".
नाही कुठाय रे, मी म्हटलं.
"नाही नसतंय अक्का."
विम्याच्या एजंटलाही नाही म्हणून दारातनं परत पाठवलंय मी.

तरी आत आत जाऊन अकरा खटके बंद केले.
एक राहिला, करडा, दाबूनही न हलणारा:
निदानासाठी आवश्यक माहिती.
निदान?
कुणाला काय झालंय?

परवा सकाळी शटर उघडलं तर ते आधीच जागं.
रात्री आपलं आपणच काहीतरी नवं अंगावर चढवलेलं,
आणि अकरातले सात खटके पुन्हा चालू,
घरमालकानं दुसऱ्या किल्लीनं येऊन
भांडी जागच्या जागी ठेवून जावं तसे.
दिवसाला कितीदा मी मराठीवरनं कन्नडवर जाते,
कितीदा परत येते,
तेही कुठंतरी उमटत असणार.
बाबांना त्यासाठी खुर्ची फिरवावी लागायची
आणि खुर्ची कुणाला सांगत नव्हती.

त्याच दुपारी ती आली.
तिचं नाव इथंही लिहीत नाही, गावही नाही.
अर्ज करायचा होता, नवऱ्याबद्दल, आणि नवऱ्याच्या भावाबद्दल.
म्हणाली, शटर अर्धं ओढा.
ओढलं.
म्हणाली, पडदा भिंतीकडं फिरवा.
फिरवला.
मग तिनं एकच विचारलं, "हे कोण वाचणार नाही न्हवं?"
कोपऱ्यात राउटरचा हिरवा ठिपका
लुकलुकत होता, बिनदोष.

मी माळ्यावरनं बाबांचं मराठी मशीन उतरवलं.
फीत वाळलेली, दोनदा तेल सोडलं.
"ळ" अडकतो, म्हणून जिथं जिथं छळ आला
तिथं तो अर्धा शब्द मी पेनानं पुरा केला.
दोन प्रती. एक तिची, एक कचेरीची.
खिडकीवरचा कारकून उद्या स्कॅन करून चढवायला सांगेल,
हे तिला सांगितलं नाही.

रात्री कार्बन बंबात टाकला.
कागद आधी आकसला, काळ्यावर काळं,
आणि विझायच्या आधी क्षणभर
सगळी अक्षरं रुपेरी होऊन वर आली.
मी वाचली.
वाचायची नव्हती, टाइप मीच केली होती तरी.
तेव्हा कळलं, बाबाही रोज वाचत असणार,
अख्खा तालुका पोटात घेऊन
बाजारात कोथिंबिरीचा भाव करत असणार
ज्याच्या त्याच्या शेजारी उभं राहून.

ह्याला सगळं ठाऊक असेल.
खरं ह्याला पोट कुठाय?